कोपरा कापलेल्या गोळ्या

"औषधांचे दर दिसतील असे लावा, म्हणतो कायदा. लावू! असे लावू, की स्टेशनवरून वाचता येतील!" पाचोऱ्यात पस्तीस वर्षं मेडिकल चालवणाऱ्या दलिचंदशेठनी छाती फुगवून जाहीर केलं आणि शटरएवढा फ्लेक्स दारात टांगला. लपवाछपवी आपल्या रक्तात नाही, हे त्यांनी बायकोला, चंदनबाईंना, सकाळपासून चारदा ऐकवलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक भाजीवाल्या वच्छलाबाई. त्यांनी बीपीची गोळी बोटाने शोधली आणि बोट तिथेच थांबलं.

"चौऱ्यांशी? माले त तू चाळीसमा देस ना रे भाऊ!"

शेठचा चेहरा खर्रकन उतरला. वच्छलाबाईंचा नवरा गेल्यापासून आठ वर्षं ते चाळीसच घेत. 'कंपनीची स्कीम' म्हणून सांगत आणि बिंग फुटू नये म्हणून पाकिटाचा छापील किमतीचा कोपरा कात्रीने कापून देत. फ्लेक्सच्या नादात हे बिचारे साफ विसरले होते!

"अक्का, ती... स्कीम..."

"कसानी स्कीम? अर्ध्या किमतमा खरी गोळी कोन देस? नकली शे ती! म्हनीसन कोपरा कापी देस!"

समोरून हाशमभाई टेलर मशीन सोडून धावले. "शेठ, माझ्या शुगरच्या गोळ्यांचाही कोपरा कापलेला असतो! तुम्ही तर ईदची सूट म्हणाला होता!"

"बारा महिने ईद?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. दुसऱ्याने पोलिसांचं नाव काढलं.

पस्तीस वर्षांची अब्रू चव्हाट्यावर आलेली बघून शेठ रडकुंडीला आले. "अहो, खऱ्याच आहेत! वरचे पैसे मी घालतो! माझ्या खिशातून!"

वच्छलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आठ वरीस सांगं का नही रे भाऊ? आतेपासून पुरा पैसा लेजो."

शेठना हायसं वाटतंय तोच मागून चंदनबाईंचा आवाज आला, "मिक्सरला पैसे नाहीत म्हणायचे, ते इथे जात होते होय? उद्यापासून गल्ल्यावर मी बसणार!"

दुसऱ्या दिवशी शेठ मुकाट्याने फ्लेक्स पुसत होते. वच्छलाबाईंनी ताठ मानेने चौऱ्यांशी रुपये ठेवले. चंदनबाईंनी त्यातले तीस घेतले, बाकीचे परत सरकवले आणि कात्री उचलून पाकिटाचा कोपरा कापला.

"कंपनीची नवी स्कीम आहे अक्का," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांना कळू देऊ नका."

सगळं ऐकूनही शेठ फ्लेक्सवरचा एकच ठिपका पुसत राहिले. मिक्सर यंदाही येत नाही, हे मात्र त्यांना स्टेशनवरूनसुद्धा वाचता आलं असतं!