थोरांचा अभ्यास

दिपकच्या लग्नाचं बोलणं तीन ठिकाणी फिसकटलं होतं आणि तिन्ही ठिकाणी कारण एकच निघालं: पोरगा चांगला आहे, पण दिवसभर मशीनसमोर बसून एकटाच बोलतो. हे काही खोटं नव्हतं. वारंगा फाट्यावर त्याचं झेरॉक्सचं आणि टायपिंगचं दुकान होतं, बरं चालायचं. पण गिऱ्हाईक नसलं की तो आतल्या कॉम्प्युटरवर लढाईचा एक गेम लावायचा. नुसता खेळला असता तर पोरखेळ म्हणून सोडून देता आलं असतं. त्या गेममधले सगळे देव दूर उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातले, आणि दिपकला त्यांची कुळी, शस्त्रं, वाहनं, भांडणं सगळं तोंडपाठ. कुठूनकुठून कागद छापून काढायचा आणि शेजारी डिक्शनरी ठेवून वाचत बसायचा. त्यातल्या हातोडेवाल्या देवाचं नाव होतं थोर. दिपकचा सगळा जीव त्याच्यावर.

आता तांड्यावर घरात सगळे गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारे. तिथे मोठ्या माणसाला मोठाच म्हणतात. थोर हा शब्द बापानं, म्हणजे अमरसिंगानं, ऐकला होता तो फक्त शाळेतल्या जयंतीच्या भाषणांत. त्यामुळे पोराच्या तोंडून "आज थोरानं वाचवलं" असं ऐकलं की त्याचा ऊर भरून यायचा. आई रूपाबाईला वाटायचं, पोरगं बांधावरच्या काटेरी थोराबद्दल बोलतंय. त्यानंच कुणाची गुरं अडवली असतील. शेताकडे लक्ष आहे म्हणून तीही खूश. तिघंही आपापल्या जागी समाधानी होते, म्हणून कोणी कोणाला काही विचारलं नाही.

चौथं स्थळ आलं हरिचंद गुरुजींच्या मुलीचं, शिवकन्येचं. साल दोन हजार पाच. गुरुजी हिंगोलीजवळच्या तांड्यावरचे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी थोर पुरुषांवर भाषणं केली होती आणि निवृत्तीनंतरही ती थांबली नव्हती. शिवकन्या तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करत होती. मार्चमध्ये अमरसिंग हळद घेऊन हिंगोलीला गेला, तेव्हा बाजारातच त्याची गुरुजींशी गाठ पडली. मुलगा काय करतो, या प्रश्नावर अमरसिंग दर वेळी अडखळायचा. या वेळी त्याला एकदम सुचलं.

"झेरॉक्सचं दुकान हाय. बाकी येळ थोरांचा अभ्यास करून राहिला."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. आजच्या पिढीत असं कोणी उरलं असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. रोज करतो का, त्यांनी विचारलं. रोज, न चुकता, जेवायचंही भान राहत नाही, असं अमरसिंगानं सांगितलं आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. गुरुजी म्हणाले, येत्या रविवारी घर पाहायला येतो, मुलीलाही आणतो. मुलीनं स्वतः घर पाहायला येणं ही तांड्याला नवी गोष्ट होती, पण गुरुजींपुढे बोलणार कोण?

घरी येऊन अमरसिंगानं पोराला बजावलं, पाहुणे थोरांबद्दल विचारतील, मोकळ्या मनानं बोल. दिपक पाहतच राहिला. आधीच्या तिन्ही वेळा गेमबद्दल अवाक्षर काढू नको म्हणून दटावणारा हाच बाप. गुरुजींना थोर माहीत आहे? त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. बाप म्हणाला, उभा जन्म त्यातच गेलाय त्यांचा. दिपकला अजून न पाहिलेल्या सासऱ्याबद्दल खरोखरचं प्रेम वाटलं.

रविवारी बोकड कापलं. पुरुषांची ताटं ओसरीत मांडली. शिवकन्या आत रूपाबाईपाशी बसली, पण दार उघडं होतं आणि तिचे कान बाहेर होते. चार घास पोटात गेल्यावर गुरुजींनी विषय काढला.

"थोरांचं तुम्हाला सर्वांत जास्त काय भावतं?"

"हातोडा," दिपक म्हणाला.

गुरुजींनी क्षणभर विचार केला. श्रमाची प्रतिष्ठा, ते स्वतःशीच म्हणाले आणि खुशीनं मान डोलावली. "आणि विचार?"

"विचार जास्त न्हाईत, गुरुजी. डोकं जरा कमीच हाय. पन राग आला की समोरचा वाचत न्हाई."

अमरसिंगाचा घास हातातच राहिला. गुरुजींना मात्र मुलगा परखड वाटला. थोरांच्या उणिवाही पाहतो म्हणजे अभ्यास खोल असला पाहिजे. त्यांनी मोर्चा राहणीकडे वळवला. थोरांची राहणी साधी असते, नाही का?

"लई साधी. फिरायला दोन बोकडं जुपलेली गाडी. भूक लागली की तीच दोन बोकडं कापून खायची."

आता गुरुजींनी अमरसिंगाकडे पाहिलं. अमरसिंगानं रश्शाच्या वाटीत पाहिलं. दिपक चांगलाच रंगात आला होता. जेवण झालं की सगळी हाडं कातड्यावर नीट ठेवायची, त्यानं सांगितलं. सकाळी थोर हातोडा उगारतो आणि दोन्ही बोकडं जिवंत होऊन उभी राहतात. अट एकच, हाड फोडायचं नाही. एकदा जेवणाऱ्यांतल्या एकानं नळी फोडून चोखली, तेव्हापासून एक बोकड लंगडतं ते लंगडतंच.

गुरुजींच्या तोंडात त्याच वेळी नळी होती. त्यांनी ती हळूच काढून ताटात ठेवली. ओसरीत कोणी चावेना. रश्शाचं भांडं घेऊन आलेल्या रूपाबाईनं थांबलेले हात पाहिले.

"खा गुरुजी, फोडा खुशाल. आमचं बोकड काई उद्या उठून राहिलं न्हाई."

आत शिवकन्येला हसू आवरेना. गुरुजी हसले नाहीत. हे थोर नक्की कोण, कुठले, असं त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं आणि दिपकनं सगळं सांगून टाकलं: गेम, बर्फाचा मुलूख, छापलेले कागद. रूपाबाई म्हणाली, "म्हंजे बांधावरचा न्हाई व्हय?" चौथंही स्थळ गेलं, हे अमरसिंगाला कळून चुकलं. पोरानं आपण सांगितलं तसंच केलं होतं. घालवलं ते आपल्याच जिभेनं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"डोकं नाही, हातात हातोडा आणि खायला बोकडं," गुरुजी म्हणाले. "यात घेण्यासारखं काय आहे?"

दिपकनं ताट जरा बाजूला सारलं.

"एक हाय, गुरुजी. शेवटी मोठी लढाई व्हते. त्यात आपन मरनार, हे त्या देवांना आधीच ठाऊक हाय. त्यांच्या म्होरक्यानं तर अक्कल यावी म्हनून एक डोळा देऊन टाकला. थोर मोठ्या सापाला मारतो आन नऊ पावलं चालून सोता पडतो. तरी समदे जातात."

"हरायचंच तर जायचं कशाला?"

"जिंकायचं असलं तर कोनीबी जाते, गुरुजी."

"लग्नाच्या बोलण्यात मरणाचं काहून काढून राहिला?" रूपाबाई वैतागली. तेवढ्यात शिवकन्या दारात येऊन उभी राहिली.

"गेममध्ये तुमी कोणाच्या बाजूनं खेळता?" तिनं थेट दिपकला विचारलं.

"देवांच्या."

"म्हणजे हरता."

"रोज."

"मग काय करता? आदळआपट?"

"न्हाई. च्या पितो आन पुन्ना लावतो."

शिवकन्या वडिलांकडे वळली. "बापू, मला हे घर पसंत आहे."

गुरुजींनी हात वर केला, पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "आपल्या घरात वादात तुमी कधी हरला न्हाई, आई हरली न्हाई आणि मी तर न्हाईच. तिघांचा घसा बसतो, पण कोणी मागं सरत न्हाई. हरून शांतपणे चहा पिणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला."

गुरुजींनी आपली बाजू मांडली. चौतीस वर्षांची सवय. मुद्दे नीट क्रमानं आले आणि रस्सा निवून गेला. शिवकन्येनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की लग्न कोणाला करायचंय.

अमरसिंगाला पोरीचं इतकं कौतुक वाटलं की त्यानं कारण नसताना रूपाबाईला आणखी भाकरी आणायला सांगितलं. निदान एक गोष्ट तरी आपल्या हातात राहावी म्हणून गुरुजी शेवटी म्हणाले, "ठीक आहे. तारीख मी पाहून कळवतो."

"माझी परीक्षा बारा मेला संपते," शिवकन्या म्हणाली. "पंधरा धरा."

गुरुजींनी डाव्या हातानं खिशातलं पेन काढलं आणि तारीख लिहून घेतली.