दाजी तावडे लँकेशायरला जातात

दाजी तावडे नमस्कार नंतर करतात, आधी समोरच्याचं कापड चिमटीत धरतात. आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत नवा शर्ट घालून लिफ्टमध्ये शिरायची सोय नाही. माझ्या नवऱ्याच्या चांगल्या महागाच्या कुर्त्याची कड चोळून म्हणाले, "ह्यां कापड? पयल्या धुण्याक रडतलां!" आणि मेलं खरंच रडलं, बादलीभर रंग सोडून. तेव्हापासून नवरा जिन्याने जातो.

तर हे दाजी इंग्लंडला जाऊन आले. मुलगा विकास तिकडे लँकेशायरला इंजिनिअर आहे. मी हौसेने फोटो बघायला गेले. म्हटलं, किल्ले असतील, तळी असतील. कसलं काय! गिरणीची चिमणी, बॉयलर, परत चिमणी.

"अहो दाजी, चिमण्याच बघायच्या तर परळला उतरायचं ना! विमान कशाला?"

"परळच्या गेल्या गो. तिथे जपून ठेवल्यात."

विकासने आधी त्यांना एका इंग्रज सरदाराची जुनी हवेली दाखवली. पलंगाच्या पडद्याला हात लावू नका, अशी पाटी होती. दाजींनी पडदा चिमटीत धरलाच. राखणदार बाई धावत आल्या, विकास सॉरी सॉरी करत यांना बाहेर घेऊन आला. गाडीत म्हणाला, "बाबा, निदान इथे तरी माझी इज्जत ठेवा ना!"

हे सांगताना दाजी हसत होते. मला मात्र त्या पोराचा असा राग आला!

दुसऱ्या दिवशी गिरणीचं म्युझियम. हात खिशात ठेवायचे, असं विकासने बजावलं होतं. तिथे एक गोरे आजोबा जुना साचा, म्हणजे लूम, चालवून दाखवतात आणि लोक दोरीपलीकडून बघतात. साचा सुरू झाला तसे सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. दाजींनी डोळे मिटले.

"आणि आवाज बदलला गो. धागा तुटला होता. म्हाताऱ्याची पाठ साच्याकडे, तो लोकांना माहिती सांगतोय!"

दाजी दोरीखालून वाकून आत शिरले आणि दांडा ओढून साचा बंद केला. वाट लागली! आजोबा लालबुंद, विकासने कपाळावर हात मारलेला. तोवर यांनी तुटका धागा ओवून गाठ मारलीसुद्धा. आजोबांनी वाकून गाठ बघितली, बराच वेळ बघितली. मग बाजूला सरकले आणि दांड्याकडे बोट दाखवलं.

"मग? चालवलात?"

"सोडतोय होय!"

त्याचा फोटो होता, विकासने काढलेला. दाजी साच्यापुढे उभे, पण सगळं धूसर, हललेलं.

"एवढा इंजिनिअर, आणि एक फोटो धड काढता येत नाही?" मी म्हटलं.

"रडत होता गो."

मी फोनवरचा तो फोटो परत बघितला. दाजी सांगू लागले.

"ब्याऐंशीच्या संपानंतर आमची गिरणी गेली, तेव्हा हा जन्मलाही नव्हता. याने बाप बघितला तो बिल्डिंगच्या गेटवर, साहेबांच्या गाड्यांना सलाम मारणारा वॉचमन. शाळेत कोणी विचारलं, बाबा काय करतात, तर गप्प बसायचा. मी चार साचे एकट्याने सांभाळायचो, हे त्याला किती वेळा सांगितलं. पण सांगून कळतंय थोडंच?"

दाजींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि फोटो बोटांनी मोठा केला.

"म्हाताऱ्याने त्याला विचारलं, हे कोण? तर विकास म्हणाला, माय फादर. ही इज अ वीव्हर." दाजींनी दोन बोटं दाखवली. "दोनदा म्हणाला गो. म्हाताऱ्याला पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं, तरी दोनदा."