कत्तलखान्यातले शाकाहारी दातार

दातारकाका पोह्यांत थर्मामीटर खुपसून बघत आणि आकडा बासष्टवर आल्याशिवाय घास उचलत नसत. चहाचं तेच, आंघोळीच्या पाण्याचंही तेच. त्यांच्या घरात मी खोली भाड्याने घेतली, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या कपात ती लांब सळई बुडवली आणि म्हणाले, "दीड मिनिट थांब. जीभ तुझी आहे, पण भाजली तर गाडी मला काढावी लागेल. दवाखाना चाळीस किलोमीटरवर आहे."

मुकुंद दातार, मूळचे रत्नागिरीचे, अंडंही न खाणारे, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागातल्या एका कत्तलखान्यात नोकरीला होते. गाव दोनेकशे घरांचं. एक पब, एक बेकरी, एक शाळा आणि मीटवर्क्स, म्हणजे तो कत्तलखाना. जो मीटवर्क्समध्ये नव्हता, तो तिथल्या माणसांना पाव नाहीतर बिअर विकत होता. काका तिथली शीतगृहं सांभाळत. तरुणपणी रत्नागिरीत मासळीसाठी बर्फ बनवायच्या कारखान्यात होते, त्यामुळे हे काम त्यांच्या हाडात मुरलेलं. "थंडीला जात नसते," असं म्हणत आणि विषय संपवत.

मला पीआरसाठी, म्हणजे देशात कायम राहायच्या परवान्यासाठी, खेड्यात दोन वर्षं काढायची होती, म्हणून मी तिथल्या क्वालिटी ऑफिसात लागले होते. काकांना कामावर बघणं ही एक करमणूक होती. दोन्ही बाजूंना सोललेले बैल टांगलेले असत आणि काका मधून असे चालत, जसं ओळख नसलेल्या लग्नात माणूस फिरतो. कुणाच्या नजरेला नजर नाही. डबा ते पार्किंगच्या टोकाला गाडीत बसून, काचा वर करून, कारखान्याकडे पाठ करून खात. घरी आले की गॅरेजमध्ये स्वतः बसवलेल्या शॉवरखाली आधी आंघोळ, मग घरात पाऊल. मलाही तोच नियम. काकू असताना त्यांनी तो घातला होता. काकू मी तिथे राहायला जायच्या तीन वर्षं आधी वारल्या, पण नियम राहिला.

गाव त्यांना मॅक म्हणायचं. कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचं एकच उत्तर असे: "सांगायला काय, सगळेच सांगतात. आकडा काय म्हणतो?" एकदा कोल्डरूम दोन अंशांनी वर गेली होती आणि मॅनेजरला कंटेनर पाठवायची घाई होती. काकांनी सही करायला नकार दिला. मॅनेजर ओरडला, नोकरीवरून काढायची भाषा झाली. काका स्टूल घेऊन कंटेनरच्या दारात बसले ते तीन तास. शेवटी आकडा खाली आला तेव्हा उठले, सही केली आणि मॅनेजरला म्हणाले की आता तुम्ही मला काढू शकता.

काढलं मात्र सगळ्यांनाच. सिडनीहून हेड ऑफिसचा एक माणूस आला, कँटीनमध्ये उभा राहिला आणि कागद वाचून दाखवला. मीटवर्क्स बंद. वाचायला त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. पुढच्या बाकावर कॉलिन बसला होता, आमचा शेजारी. हाडं सोडवायच्या लाइनवर एकतीस वर्षं काढलेला, एकटा माणूस. त्याने हात वर करून विचारलं की उद्याच्या शिफ्टला यायचं का. त्या माणसाने कागद उलटून पाहिला. त्यात ते लिहिलेलं नव्हतं.

शीतगृहं रिकामी करायला काकांना आणखी चार आठवडे ठेवलं आणि कागदपत्रांसाठी मला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एकेक कॉम्प्रेसर बंद केला. ती घरघर गावात दिवसरात्र चालायची. इतकी वर्षं, की कुणाला ऐकूच येत नसे. ती थांबली आणि गावभरची कुत्री भुंकायला लागली. काका घरी आले. गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ शॉवरखाली उभे राहिले.

मी सिडनीत पेंडल हिलला आले, काम मिळालं, माणसांत मिसळले. काका फोन करत. बेकरी बंद झाली. शाळेची मुलं बसने दुसऱ्या गावाला जातात. लाइनवरच्या दोघांनी हिवाळ्यात जीव दिला. हे सगळं ते एकाच आवाजात सांगत, कोल्डरूमचं तापमान सांगावं तसं.

त्यांचा मुलगा निनाद सिडनीतच केलीव्हिलला राहतो. घर मोठं, खाली एक खोली बाबांसाठी तयार. काका येतो म्हणत आणि येत नसत. शेवटी निनाद मला म्हणाला, तू जा, तुझं ऐकतील. मी सहा तास गाडी चालवत गेले.

पोचले तेव्हा काका कुंपणापाशी उभे राहून कॉलिनशी भांडत होते. एक फळी निखळून काकांच्या मेथीवर पडली होती. काका इंग्रजीत आणि मधूनमधून अस्सल रत्नागिरी बोलीत बोलत होते, कॉलिनही कमी नव्हता. बऱ्याच वेळाने कॉलिनने फळी ठोकली. मी निनादचा निरोप सांगितला, तर काका म्हणाले, "या कुंपणाचा निकाल लागल्याशिवाय हलता येत नाही. रोज एक फळी निघते. लाकूडच हलकं आहे." मला हसू आलं. म्हटलं, म्हातारपणी माणूस असाच होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. खिडकीतून पाहिलं, तर काका वाकून पकडीने कुंपणाचा खिळा उपटत होते. दुसराही उपटला. फळी अलगद मेथीवर आडवी केली आणि वळले, तर मी समोर.

आत आले, हात धुतले, बराच वेळ पुसत राहिले.

"हिवाळ्यात कॉलिन तीन दिवस दार उघडत नव्हता," ते म्हणाले. "मी मागच्या दाराने गेलो. तो टेबलाशी बसला होता, समोर बंदूक. काय बोलणार गं? मला सुचेना. म्हटलं, तुझं कुंपण माझ्या भाजीवर पडलंय, आधी ते उचल. पडलं नव्हतं. तो उठून यायच्या आत मी धावत जाऊन पाडलं."

"मग?"

"आला. ठोकलं त्याने. मग मीच त्याला गाडीत घालून नेलं, बंदूक पोलिसांकडे जमा केली. तेव्हापासून सकाळी त्याला एक काम असतं." नंतर हळूच म्हणाले, "निनादला यातलं काही सांगू नकोस. तो उगाच काळजी करेल."

मी निघाले तेव्हा कॉलिन माझ्या गाडीपाशी आला. हातात हातोडा होता. मॅकला न्यायला आलीस का, त्याने विचारलं. मी म्हटलं, आले होते. त्याने कुंपणाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"खिळे तोच काढतो, मेट. मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. त्याला कळू देऊ नकोस. बायको गेल्यापासून त्याच्याशी भांडायला इथे दुसरं कोण आहे?"

मागून काकांची हाक आली, उन्हं वर आली तरी फळी तशीच पडली आहे म्हणून. कॉलिनने दोन शिव्या हासडल्या आणि तो तिकडे निघाला. मी वाटेत निनादला फोन करून सांगितलं की बाबा एवढ्यात येणार नाहीत.