नाना मास्तरांची नोंद

नाना मास्तर स्वतःला 'मी' म्हणत नसत. "नाना आज चहा घेणार नाहीत. नानांना पित्त झालंय," असं ते सांगत, आणि नवखा पाहुणा आतल्या खोलीत कुणी आजारी आहे का ते बघायला मान लांब करी. ही काही त्यांची जुनी सवय नव्हती. आमच्या वाचनालयानं बुऱ्हाणपूरचा नगरकोश काढायचं ठरवलं आणि कोशात माणसाबद्दल परक्यानं बोलल्यासारखं लिहितात, हे त्यांना कळलं. त्या दिवसापासून ते सरावाला लागले.

दिवस राज्यांच्या जोडातोडीचे होते. राजधानी म्हणून नागपूर जाणार, भोपाळ येणार, असं रोज कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगे. आपण कुठल्या राज्यात जायचं ते दिल्लीवाले ठरवतील, तोवर आपण कोण होतो ते मराठीत लिहून ठेवू, एवढाच आमचा विचार. मी कोशाचा चिटणीस, म्हणजे शिव्या खाणारा. त्यात नाना गावच्या लालबागेत माझे शेजारी.

स्वतःची नोंद स्वतः लिहायची नाही, हा नियम आम्हाला नानांमुळेच करावा लागला. त्यांनी आणून दिलेला लेख असा सुरू होत होता: 'त्या पहाटे तापीतीरी दोन तेजे उगवली.' दुसरं तेज म्हणजे सूर्य. असीरगडाला आम्ही पाऊण पान दिलं होतं आणि नाना गडापेक्षा कितीतरी लांब झाले होते. त्यात 'विनय' असा एक स्वतंत्र मथळा होता. नानांना आत्मस्तुतीचा तिटकारा असून या बाबतीत त्यांच्या तोडीचा पुरुष साऱ्या निमाडात नाही, असं त्याखाली लिहिलेलं होतं.

"नाना, हे दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवं," मी म्हटलं.

"नानांना मान्य आहे," नाना म्हणाले.

आठवड्यानं तोच लेख परत आला. अक्षर नानांचं, शाई नानांची, सूर्यही तोच. खाली मात्र 'लेखक: धनसिंग गवळी, निशाणी डावा अंगठा' आणि शेजारी खरोखरच एक ठसठशीत अंगठा. मी धनसिंगला गाठलं.

"मास्तर बोलले अंगूठा लाव, म्या लावला," तो म्हणाला. "मले वाटलं म्हशीच्या सुईचा कागद असंल."

मी तसाच तणतणत नानांच्या घरी गेलो. तुमच्याबद्दल आता एक ओळही छापणार नाही, असं तोंडावर सांगून टाकलं. नाना भांडतील असं मला वाटलं होतं. ते भांडले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"मग नानांचं कसं कळणार?" ते म्हणाले.

"कुणाला कळायला हवंय?"

ते धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत बसले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पलीकडे तांदूळ निवडत होत्या.

"मले कोणी पूछलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगते भाऊ, तुम्ही लिहा."

"ही काय सांगणार?" असं म्हणून नाना आतल्या खोलीत गेले आणि तिथून लक्ष ठेवू लागले. लक्ष ठेवायची त्यांची पद्धत म्हणजे खोकणं.

"पालीले भेतात," काकूंनी सुरुवात केली. आतून खोकला. "वर्गात पाल निघाली का पोरं आधी मास्तरले बाहेर काढत." मोठा खोकला. "मावा जिलेबी आणतात माझ्या नावानं. रस्त्यात स्वतः खातात आन मले रिकामी पुडी देतात." इथं तर नाना गुदमरतात की काय असं वाटलं.

"आन एक मुलगा आहे. मधू."

खोकला थांबला. मी इतकी वर्षं शेजारी, पण हे नाव मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

"शाळा सोडून मागावर बसला. कपडा विणायचा शौक होता त्याले. यांनी भर बाजारात सांगितलं, मास्तरचं पोरगं मागावर बसत नाही, माझं नाव लावू नको. पोरगा शब्दाचा पक्का निघाला. इंदूरच्या कोण्या गिरणीत आहे म्हणतात. पण नावच लावत नाही, तर पूछायचं तरी कोणाले? वाचायचा मात्र नाद आहे. दिसलं ते छापील वाचतो."

मी हातातला लेख पुन्हा चाळला. त्यात सूर्य होता, विनय होता, मधू कुठंच नव्हता. शेवटी एक ओळ होती, ती मी पहिल्याच वाचनात फालतू म्हणून खोडली होती: 'मुक्काम लालबाग, चिंचेशेजारी. दार दिवसभर उघडे असते.'

नाना दारात येऊन उभे राहिले होते.

"पालीचं लिहा," ते म्हणाले. "मधूला माहीत आहे ते. हसेल तो." मग म्हणाले, "बाकी सगळं काढा. दाराचं तेवढं राहू द्या. मी पाया पडतो तुमच्या."

घरी येऊन नोंद मीच लिहिली: 'नाना मास्तर. शिक्षक. पालीला भितात. मुलगा मधू, उत्तम विणकर. लालबागेत चिंचेशेजारी राहतात. दार दिवसभर उघडे असते.' 'उत्तम' हा शब्द नानांनी घालायला लावला. कोशात अशी नोंद शोभत नाही यावर समितीत पुष्कळ वाद झाला. नोंदीच्या बाजूनं मीही पुष्कळ ओरडलो. नोंद छापली गेली.

कोशाच्या प्रती पंच्यात बांधून नाना इंदूरला गेले आणि गिरण्यांच्या भागातल्या वाचनालयांत ठेवून आले. गावात सगळे म्हणाले, म्हातारा स्वतःचं नाव मिरवायला गेला. नानांनी कुणाला काही सांगितलं नाही, मीही नाही.

त्यानंतर एकदा त्यांच्या घरावरून जाताना पाहिलं. कुणाची तरी शेळी आत शिरून कोशाची घरची प्रत चघळत होती आणि नाना दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते.

"नाना, दार लोटू का?" मी विचारलं.

"नको," नाना म्हणाले. "शेळी येते, येऊ दे."