दाजीकाकांची जपानी तालीम

"दाजीनू, कंबर धरली काय तुमची?" मासेवाली विचारत होती.

दाजीकाका कंबरेत वाकले होते. दोन्ही हातांत बांगड्यांची पिशवी, नजर जमिनीवर. "नाय गो. जपानात वस्तू अशीच घेतत."

"घेवंदेत. पण आता सरळ व्हा, मागची माणसा खोळंबलीत."

मागच्या माणसांत मी होते. ओळख दाखवावी की नाही, हे माझं ठरत नव्हतं.

दाजीकाका आमचे शेजारी. त्यांची एकुलती एक मुलगी शलाका टोकियोत नोकरी करते आणि पुढच्या आठवड्यात तिथल्याच मुलाशी लग्न करणार होती. काका कुडाळच्या पलीकडे फारसे कधी गेले नव्हते. काकू गेल्यापासून घरात एकटेच. आता व्याह्यांना भेटायलाही एकटेच निघाले होते.

तयारीची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मी इंग्रजी माध्यमात शिकले. तिथे जपानही शिकवतात, अशी काकांची समजूत. मी फोनवर व्हिडिओ शोधून द्यायचे, काका ते गावावर करून बघायचे.

जपानात चपला दाराकडे तोंड करून ठेवतात, हे कळल्यावर त्यांनी देवळात भजन चालू असताना बाहेरच्या सगळ्या चपला फिरवल्या. वर मापाप्रमाणे रांगेतही लावल्या. भजन संपल्यावर अर्धं गाव दुसऱ्याच्या चपलांत घरी गेलं. सूप भुरकून प्यायलं तरी तिथे कोणी रागावत नाही, हे ऐकून मात्र त्यांना काकू आठवल्या. सोलकढी भुरकण्यावरून काकूंनी त्यांना आयुष्यभर डोळे वटारले होते. "ह्यां आयकूक ती आसाक व्हयी होती," एवढंच म्हणाले.

मी फार बोलत नाही, याचं त्यांना कौतुक. "तू जल्मान जपानी गो बाय!"

खरी अडचण व्याहीभेटीची होती. आमच्याकडे व्याही एकमेकांना कडकडून मिठी मारतात. तिथे लांबूनच वाकायचं.

"मिठी नाय तर व्याही कसले?" काका दोन दिवस धुमसले. मग अंगणातल्या आंब्यासमोर उभे राहून तालीम करू लागले. हात आपोआप पसरायचे, ते खाली दाबून धरायचे आणि झाडाला वाकायचे.

"एवढं कशाला, काका?" मी एकदा विचारलं.

"आपण थंय पावणे. माझ्यापायी चेडवाक, माझ्या पोरीक, मान खाली घालूची लागता नये."

निघायच्या सकाळी विमानतळावर नेणारी रिक्षा दारात उभी होती. मी आमच्या बाजूला, दोन अंगणांमधल्या दगडी गडग्याशी झाडांना पाणी घालत होते. काका तुळशीसमोर नारळ घेऊन उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालू लागले. आमच्याकडे गाऱ्हाण्यात एकानं देवाकडे मागायचं आणि घरच्यांनी प्रत्येक मागण्याला मोठ्यानं होकाराची साथ द्यायची.

"बा देवा म्हाराजा, माझ्या हातसून थंय काय चुकलां, तर ता पोरीच्या पदरात घालू नको रे म्हाराजा!"

काका थांबले. अंगणात कोणी नव्हतं. मग त्यांनी स्वतःच, हळू आवाजात, स्वतःला साथ दिली.

"व्याह्यांका आमची माणसा बरी वाटांदेत रे म्हाराजा!"

पुन्हा थांबले. पुन्हा स्वतःच पुटपुटले.

"ह्यां घर रिकामां झालां. पण माझ्या चेडवाक थंय भरलेलां घर गावांदे रे म्हाराजा!"

या वेळी साथ द्यायला तोंड उघडलं, पण शब्द येईना.

मी पाण्याची बादली खाली ठेवली. रिक्षावाला दचकून मागे वळेल एवढ्या मोठ्यानं मीच गडग्यावरून म्हणाले, "व्हय म्हाराजा!"