नंबर कोनाचा हाय?

काळबांडे काकांना बायकोचा फोन आला की मोबाइलवर तिचं नाव ठळक दिसायचं. तरी ते विचारायचे, "कोन बोलून राह्यलं?"

पलीकडून आवाज यायचा, "मी."

"मी म्हंजे कोन?"

मग ती बिचारी पूर्ण नाव सांगायची, शालिनी वासुदेव काळबांडे, आणि तेव्हा कुठे भेंडी आणायची की वांगी हा विषय निघायचा. तीस वर्षांचा संसार, आणि रोज ओळखपरेड.

यवतमाळात, एका कापडदुकानाच्या माडीवर आमचं चार जणांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. काका आमच्यात सगळ्यात वडील. बाकी आम्ही तिघं तिशीच्या आतले, त्यामुळे काकांची नक्कल हा आमचा चहाच्या वेळचा कार्यक्रम. त्यात माझा हातखंडा. पुसदला जायचं असलं की काका एसटीची पाटी वाचत, मग ड्रायव्हरला विचारत, मग कंडक्टरला, आणि आत बसलेल्या एखाद्या बाईलाही. "पाटी कोनीबी लावते," असं म्हणत. "गाडी कुठं जाऊन राह्यली ते पाहा लागते."

हाच संशय ते कामात आणत. गावातल्या एका रक्त, लघवी, गाठी असं सगळं तपासणाऱ्या लॅबसाठी मी जावा या संगणकभाषेत वेबसाइट करत होतो. पेशंटला मोबाइलवर लिंक जायची, तो लॉगिन करायचा आणि त्याचा रिपोर्ट उघडायचा. लिंकच्या शेवटी रिपोर्टचा नंबर असायचा. काका आठवडाभर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहत होते.

"पान उघडाच्या आंधी नंबर तपास. रिकामा असन, उलटसुलट असन, तं मानसाले लॉगिनच्या पानावर वापस धाड. अन् नंबर कोनाचा हाय, ते पाह्यलं काय?"

"काका, लोक रिपोर्ट बघतील की नंबर बदलत बसतील?"

"अन् वापस धाडल्यावर खाली रिटर्न लिही. नाई तं मानूस दारातून गेला तरी आतला कोड चालूच राह्यते."

शेवटी मी तपासणी लिहिली, पण अर्धीच. नंबर हा नंबर आहे की नाही एवढंच बघितलं. तो कोणाचा, हे उद्यावर ढकललं. लॅबने चाचणीसाठी त्या आठवड्याचे खरे रिपोर्ट त्यात भरून दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी साइट भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावली. बाकीचे दोघं खुर्च्या ओढून बसले. मी चाचणीच्या पेशंटच्या नावाने लॉगिन केलं, लिंकमधला नंबर पुसला. पान परत लॉगिनवर गेलं. नंबराच्या जागी अक्षरं टाकली. परत लॉगिन.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"बरोबर हाय," काका म्हणाले. मग जरा थांबून, "आता राहू दे. बंद कर."

ज्या माणसाने आठवडाभर तपास, तपास म्हणून डोकं खाल्लं, तो आज राहू दे म्हणतोय, हे मला खटकायला हवं होतं. पण समोर हसायला दोन माणसं बसली होती. मी नंबराचा शेवटचा आकडा बदलला आणि काकांच्या आवाजात म्हणालो, "कोन बोलून राह्यलं? पूर्ण नाव सांगा."

पान उघडलं. त्याच आवाजात मी वाचलं, "शालिनी वासुदेव काळबांडे."

दोघं हसले. मग हसू थांबलं, कारण नावाखालचा मजकूर सगळ्यांनाच दिसत होता. स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट होता. शेवटच्या ओळीत कर्करोग हा शब्द होता.

काका उठले आणि त्यांनी स्क्रीनचं बटण बंद केलं. ओरडले नाहीत.

"मी तिले अजून सांगतलं नाही," ते म्हणाले. "रिपोर्ट हाती येऊन दोन दिवस झाले. जमूनच नाही राह्यलं."

मग खुर्ची ओढत ते माझ्याजवळ आले. "पयले साइट बंद कर. मंग लॅबवाल्यायले फोन लाव. तूच सांग."

मी साइट बंद केली, फोन केला, चूक माझी असल्याचं सांगितलं. नंतर काकांनी शेजारी बसून माझ्याकडून एकेक ओळ लिहून घेतली. लॉगिन कोणाचं, रिपोर्ट कोणाचा, जुळत नसेल तर परत पाठव, खाली रिटर्न. मी दोनदा चुकीची ओळ लिहून पुसली. ते फक्त "हं, आता बरोबर" म्हणत होते.

पाच वाजता त्यांनी पिशवी उचलली आणि दारात थांबले. "तू येतं का संग घरी? मले एकट्याले तोंड उघडता येत नाही."

मी गेलो. काकूंनी चहा केला. काका पाऊणएक तास कांद्यावर, नळाच्या पाण्यावर, शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर बोलले, आणि मग एका दमात सांगून टाकलं. काकूंनी पदराने हात पुसले. "आपरेशन कवा?" एवढंच विचारलं. काका तोंड धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले ते बराच वेळ आले नाहीत.

काकूंनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

"तुले त्यायनं आंधीच सांगतलं असन," त्या म्हणाल्या. "बरं केलं बाप्पा. त्यायले जवळचं कोनी नाही. मले वाटे, मी दवाखान्यात गेली तं ह्या मानसाचं कोन पाहीन? हापिसात तू हायेस, हे मले ठावंच नव्हतं."

मी कपाकडे बघत "हो" म्हणालो.