लोटननानांची वाळत घातलेली सही

कॉम्प्युटरवरचा रंग वाळायला वेळ लागतो, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला. लोटननाना पेंटर. माझ्या डीटीपीच्या दुकानात ते एक डोळा मिटून खुर्चीत बसायचे. पडद्यावर एखादा रंग चढला की म्हणायचे, "हात लावू नको, भाऊ. वाळू दे." आणि सरळ चहाला निघून जायचे.

मी सुरुवातीला हसायचो. पण नव्वदीतलं आमचं ते मशीन इतकं मठ्ठ होतं की एवढीशी सावली धूसर करायला सांगितली, तरी पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायची. नाना टपरीवरून परत यायला आणि पट्टी पूर्ण व्हायला एकच गाठ पडायची. "दख, वाळना ना?" असं वर मलाच ऐकवायचे.

नाना मूळचे नरडाण्याकडचे. धुळ्याला येऊन आग्रा रोडवर त्यांनी आयुष्यभर ट्रक रंगवले. मोर, कमळं, दोन बाजूंना दोन वाघ. नानांचे वाघ मांजरांसारखे दिसायचे हे अख्ख्या रोडला माहीत होतं, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. ट्रकच्या मागच्या फळीच्या, म्हणजे फाळक्याच्या, कोपऱ्यात मात्र त्यांची सही असायची, आणि ती बघत राहावी अशी होती. अक्षर म्हणून त्यात काहीच नाही. लाल वेटोळं, त्यावर निळी लाट, त्यावर पांढरी ठिणगी. ड्रायव्हर लोक तिला भोवरा म्हणायचे.

पुढे नानांचा हात कापायला लागला आणि ब्रश सुटला. तेव्हा ते माझ्याकडे आले. "मनी सही तुना मशीनमा बनाड. स्टिकर काढी दे. मी गाड्यासले चिटकाडसू."

"नाना, गाडी रंगवणार दुसरा आणि सही तुमची?"

"सही कामनी नही. सही मनी शे," ते म्हणाले आणि विषय संपला.

मग सुरू झाला आमचा छळवाद. लाल वेटोळ्याला कडेने उजेड पाहिजे. निळ्या लाटेतून लाल थोडं झिरपलं पाहिजे. ठिणगीभोवती धुरासारखं काहीतरी पाहिजे. एकावर एक थर चढत गेले. लग्नसराईच्या पत्रिका अडकून पडल्या, वरबाप दुकानात येऊन रागावून गेले, आणि नाना प्रत्येक थराला एकच वाक्य म्हणत राहिले, "बठ्ठं दखावाले नको, पन शे." म्हणजे सगळं दिसायला नको, पण आत असलं पाहिजे.

सगळ्यात खालचा थर मात्र त्यांनी घरून आणला होता. करंगळी पिवळ्या रंगात बुडवून कागदावर उमटवलेला एक ठिपका. त्यासाठी त्यांनी कागदांचा नुसता ढीग लावला होता. प्रत्येक ठिपका त्यांना मोठा वाटायचा. शेवटी एक जरा बारीक आणि वाकडा उमटला, तो त्यांना पसंत पडला. मी तो स्कॅन केला आणि त्यावर बाकी सगळं रचलं. वरून पिवळ्याचा मागमूसही दिसत नव्हता.

एका दुपारी मशीन बंदच पडलं. पुन्हा चालू केल्यावर मी वैतागून म्हणालो, "नाना, तो पिवळा थर उडवतो. दिसत तर नाहीच, उगीच मशीनला ओझं."

नानांनी माझा हात धरला. "तो काढाना नही."

मग पडद्याकडे बघत ते आपणहून सांगू लागले. त्यांची रंजू लहान होती तेव्हा रोज डबा घेऊन गाड्यांपाशी यायची. नाना सही करायला बसले की पिवळ्या डब्यात बोट बुडवून कोपऱ्यात टेकवायची आणि म्हणायची, "हाई मनी सही." नाना तो ठिपका वाळेपर्यंत थांबायचे आणि मगच त्यावर आपली सही काढायचे. पुढे रंजू मोठी झाली, परजातीच्या एका क्लीनरबरोबर निघून गेली. लग्न करून दोघं पाया पडायला आली, तर नानांनी दारातूनच हाकललं. पुन्हा तोंड दाखवू नको म्हणाले. आता सेंधव्याच्या पुढे रस्त्यालगत जावयाचं पंक्चरचं दुकान आहे, एवढंच त्यांना उडत उडत कळलं होतं.

"रंग वाळू देवाले शिकनू," नाना म्हणाले, "पन त्या दिन वल्लामाच बोली गऊ."

ओल्यातच बोलून गेलेल्या त्या शब्दांचं मला फार वाईट वाटलं. म्हणालो, "नाना, सेंधवा कितीसं लांब? एसटीने जाऊन या."

"ती 'या' नही म्हननी त मी काय करू? पहिले सही जाऊ दे."

सही गेली. जावयाच्या दुकानावरून इंदूरकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मागे, कोपऱ्यात. गाडी परत आली की नाना ड्रायव्हरला रामराम करायच्या आधी तिच्या मागे जाऊन उकिडवे बसायचे. स्टिकर धुळीने माखलेलं असायचं. ते पंच्याने पुसायचे आणि उठायचे.

एकदा मी नवी स्टिकर द्यायला गेलो, तेव्हा ते असेच एका गाडीमागे बसले होते. कोपऱ्यात स्टिकर नव्हतं. धुळीत फक्त स्वच्छ चौकोन होता.

"पडलं असेल, नाना," ड्रायव्हर म्हणाला. "ऊन काय कमी आहे का?"

नानांनी त्या चौकोनावरून करंगळी फिरवली. चारही कडा सरळ होत्या, कागदाचा एक तुकडाही मागे राहिला नव्हता. "पडनं नही," ते हळू म्हणाले. "सावकाश काढेल शे."

माझ्या स्टिकरचा डिंक उन्हात सुटतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण मी बोललो नाही. गाडी कुठे कुठे थांबली होती, हे नानांनीही ड्रायव्हरला विचारलं नाही. ते माझ्याबरोबर दुकानात आले.

"या येळे पिवळं वर ठेव," ते म्हणाले.

मी खालचा थर उचलून सगळ्यांच्या वर आणला. मशीनची पट्टी हळूहळू सरकायला लागली.

"वाळू दे," नाना म्हणाले. पण त्या दिवशी ते चहाला गेले नाहीत. दोन्ही डोळे उघडे ठेवून पडद्यासमोर बसून राहिले.